नातेवाइकाची फाईल

"मॅडम, तुम्ही लातूरच्या का?"

काचेपलीकडच्या माणसाने फॉर्मवरून नजर न काढता विचारलं. मी चकितच झाले. अर्ज मी टपालाने पाठवला होता. नांदेडच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या विमा काउंटरवर पहिल्यांदाच आले होते आणि फक्त माझं नाव सांगितलं होतं.

"हो. कसं ओळखलंत?"

"कोचिंग क्लासात शिकवता?"

"जीवशास्त्र शिकवते. पण तुम्हाला –"

त्याने फॉर्म काचेखालून माझ्याकडे सरकवला. "हे बघा. चौकोनात बरोबरची खूण करा म्हणून लिहिलंय. तुम्ही सगळे चौकोन काळे केलात. कंपनीच्या मशीनला वाटलं, या बाईनं सगळं खोडून टाकलं. अर्ज परत आला."

मी पाहिलं. एकूण एक चौकोन काळ्या पेनने काठोकाठ भरलेला, रेषेबाहेर टिंबभरसुद्धा शाई नाही. नऊ वर्षं मी पोरांना ओरडत आलेय... गोल पूर्ण भरा, टिक केलीत तर शून्य. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म समोर आला आणि हाताने आपल्या सवयीने नीटची परीक्षा देऊन टाकली.

"गेल्या महिन्यात लातूरचेच एक फिजिक्सचे सर आले होते," तो म्हणाला. "त्यांनी बी असंच केलं. वर कार्बन कॉपी मागून राहिले होते."

मला हसू आलं. रागही आला होता, पण हसू आधी आलं, त्याला मी काय करणार. तोही हसला. हसताना तो तोंडावर हात धरायचा, वर्गात पकडल्या गेलेल्या पोरासारखा. शर्टवरच्या पट्टीवर नाव होतं – आनंदराज.

त्याने कोरा फॉर्म घेतला आणि एकेक रकाना विचारून स्वतः भरायला लागला. वय एकतीस. पत्ता लातूर. क्लासची ग्रुप पॉलिसी. मग 'कोणती शस्त्रक्रिया' हा रकाना आला आणि माझी मान आपोआप ताठ झाली. त्या रकान्यापाशी लोक थांबतात. मग एक तर नजर माझ्या पायापासून डोक्यापर्यंत फिरते, नाही तर घाईघाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पळते. दोन्ही नजरा माझ्या पाठ झाल्यात.

लिंगबदल शस्त्रक्रिया. लोक बदल म्हणतात. मी बाई आहेच, मला बदलायचं काही नाही. चुकीचं छापलेलं दुरुस्त करून घ्यायचंय, एवढंच.

आनंदराज थांबला. मी तयारीत राहिले.

"सर्जनच्या नावात एक एल का दोन?" त्याने विचारलं.

"...दोन."

त्याने दोन एल लिहिले आणि पुढच्या रकान्यावर गेला. त्या क्षणी मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला, तिथेच आवडला.

"सौदामिनी," शेवटी सही घेताना त्याने नाव वाचलं. "आईवडिलांनी लई विचार करून ठेवलं म्हणायचं."

"त्यांनी दुसरं ठेवलं होतं. हे मी ठेवलं."

"मग तुम्ही लई विचार केला म्हणायचं."

"स्वतःचं नाव ठेवायची पाळी आल्यावर कंजुषी कशाला करायची?"

त्याचा हात पुन्हा तोंडावर गेला.

आमच्या क्लासच्या पॉलिसीत या ऑपरेशनचं कलम होतं, हे आधी सांगायला हवं. ते माणिकप्पा सरांमुळे. क्लास त्यांचा. मी धीर करून त्यांच्या केबिनमध्ये गेले होते, सगळं सांगितलं होतं. त्यांनी पाच मिनिटं टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या विषयात पोरांना मार्क पडतेत. बाकी मला समजत न्हाई. कलम जोडायला सांगतो." पण ते एका वर्षापुरतं होतं. मार्चनंतर क्लास दुसरी कंपनी घेणार होता आणि तिच्याकडे ते कलम नव्हतं. म्हणजे हे वर्ष माझं. माझ्या पगारात हे ऑपरेशन आपल्या खिशातून व्हायचं तर मी म्हातारी होईपर्यंत थांबावं लागलं असतं. अकरावी-बारावीच्या पोरांना मी माणसाचं शरीर हाडान्‌हाड शिकवते, आणि स्वतःच्या शरीरात मात्र भाडेकरूसारखी राहत होते.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत, माझा डबा उघडलेला.

"कामाचं बोलायचंय मॅडम. कंपनीनं जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या मागितल्यात."

मी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी फोन. "कंपनीनं मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागितलं." तेही पाठवलं. तिसऱ्या दिवशी – "कंपनीनं विचारलंय, मॅडम वेळेवर जेवतात का?"

मी घास हातात धरून थांबले. "हे कंपनीने विचारलंय?"

"हाव."

"लेखी?"

"तोंडी."

"कंपनीला सांगा, जेवते. शेपूची भाजी आहे."

"कंपनीला शेपू आवडत न्हाई. पर कळवतो."

असं सुरू झालं. कंपनी फारच चौकस निघाली. तिला माझी शेवटची बॅच किती वाजता सुटते ते हवं होतं, लातूरला पाऊस आहे का ते हवं होतं, एकदा तर चहात साखर किती घालते तेही. मीही कंपनीला उलट प्रश्न पाठवायला लागले. त्यातून कळलं की कंपनीचं गाव कंधार, वडील शाळेत शिपाई होते, बाबासाहेबांचं नाव घेऊन त्यांनी तिन्ही लेकरांना कॉलेजात घातलं. वय चौतीस आणि लग्न... "कंपनीचं लग्न झालेलं न्हाई," तो म्हणाला, आणि घाईने लातूरच्या पावसाची चौकशी केली.

खिडकीबाहेर ट्यूशन एरियाच्या रस्त्यावर भुरभुर पाऊस होता. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं एकाच छत्रीखाली तीन-तीन जण पळत होती. मला उगाचच खूप बरं वाटत होतं.

मग एका दुपारी फोनवर तो नुसतं 'मॅडम' म्हणाला, कंपनीचं नाव काढलं नाही.

"काय झालं?"

"नामंजूर आलंय. कंपनीचं म्हणणं, हा सौंदर्यासाठी केलेला उपचार हाय."

"सौंदर्य?" माझा आवाज चढला. शेजारी बसलेल्या मॅडमनी मान वर केली. "मी नाक सरळ करून घ्यायला निघालेय का?"

"नाक चांगलंच हाय तुमचं."

माझा हात नाकावर गेला.

"हे... फाईलीत लिहीत न्हाई मी," तो चाचरत म्हणाला. मग घाईने, कामाच्या आवाजात, "पंधरा दिवसांत अपील करता येतं. अजून एक लिहिलंय त्यांनी. 'निर्णय अलीकडचा दिसतो, पूर्वीपासूनचा पुरावा नाही.' अपील फेटाळलं तर फाईल कायमची बंद. रडू नका मॅडम."

"मी रडत नाही. चिडलेय."

"मग चांगलं हाय. चिडून लिहा."

लातूरचा शिक्षक चिडला की काय करतो हे विमा कंपनीला माहीत नव्हतं. परीक्षेची उत्तरतालिका जाहीर झाली की आम्ही सगळे पुस्तकं पसरून बसतो आणि चुकलेल्या उत्तरांवर हरकती घेतो. प्रश्न क्रमांक, दिलेलं उत्तर, आमचं उत्तर, पुस्तकाचं पान, ओळ. पोराचा एकेक मार्क आम्ही असा ओढून आणतो. मी कंपनीच्या पत्राला तसंच बसवलं. प्रश्न एक: हा उपचार कशासाठी? कंपनीचं उत्तर: सौंदर्यासाठी. आमचं उत्तर: वैद्यकीय गरज. आधार: त्यांच्याच पॉलिसीचं पान, त्यांच्याच कलमाची ओळ, दोन डॉक्टरांची पत्रं.

आनंदराजने ते वाचलं. "दहा वर्षं झाली, कागदच वाचून राहिलो. असा कागद पाहिला न्हाई," तो म्हणाला.

पण दुसऱ्या प्रश्नापाशी माझा पेन अडला. पूर्वीपासूनचा पुरावा. हरकतीला पानाचा क्रमांक नसेल तर हरकत बाद होते, हे मीच पोरांना सांगते.

"लहानपणी..." त्याने जपून विचारलं, "कुठं दाखवलं होतं का तुम्हाला?"

दाखवलं होतं. तेरा वर्षांची असताना आई मला लातूरला एका डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मला 'बरं' करायला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नव्हतो. खरं तर आम्ही गेली चार वर्षं कशाहीबद्दल नीट बोललो नव्हतो.

रविवारी मी निलंग्याची एसटी धरली. तिथून पुढे वडापच्या जीपने गाव. भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. वाढले ती सरकारी पुनर्वसनातल्या या एकसारख्या घरांत. आई, रत्नम्मा, दारातच तूर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली. सुपातला खडा न् खडा काढून झाल्यावर उठली आणि दाराजवळची पत्र्याची पेटी उघडली.

आमच्याकडे प्रत्येक घरात अशी पेटी असते आणि ती दाराजवळच असते, पुन्हा जमीन हलली तर उचलून पळता यावं म्हणून. मलब्यातून कागद ज्यांचे निघाले त्यांना घर आधी मिळालं, असं आई म्हणते. तेव्हापासून तिने एकही कागद टाकलेला नाही. लाइटबिलं, लसीकरणाची कार्डं, बैलाच्या बाजारपावत्या. तळातून तिने एक पिवळा पडलेला केसपेपर काढला. तारीख दोन हजार पाचची. खाली डॉक्टरांचं अक्षर: 'म्हणणे – मी मुलगी आहे. समजायला लागल्यापासून असेच वाटते. आजार नाही. आईला समजावून सांगितले.'

मी तो दोनदा वाचला.

"आजार न्हाई म्हनला, म्हनून मी त्याला लई बोलले," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "पुन्हा गेले न्हाई त्याच्याकडं. पर कागद कसा टाकनार." मग थोड्या वेळाने, "कामाला येतो का?"

"येतो, अव्वा."

"मग ने. झेरॉक्स काढ अन् मूळ कागद मला परत आन." मी चपला घालेपर्यंत ती दारातच उभी होती. "जपून जा गं," ती म्हणाली. मी रस्त्याला लागेपर्यंत डोळे पुसले नाहीत.

वडापमध्ये बसल्या बसल्या कागदाचा फोटो मी आनंदराजला पाठवला. त्याचा फोन लगेच आला.

"तेरा वर्षांच्या होत्या तुम्ही," तो म्हणाला.

"हो."

"बरं... ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला. 'तुमची फाईल आजपासून श्रद्धा मॅडम बघतील. अपील व मूळ कागद त्यांच्याकडे द्यावेत.' एवढंच. मधल्या सुट्टीत फोन आला नाही. त्यानंतरही नाही. सहा दिवस कंपनीला माझ्या जेवणाची काही पडलेली नव्हती.

मला समजलं. म्हणजे मला वाटलं की समजलं. रकान्यात लिहिलेलं ऑपरेशन त्याला चाललं होतं. पण त्या कागदावर त्याला एक तेरा वर्षांचा मुलगा दिसला असणार, आणि त्याला बघितल्यावर हा मागे सरकला. असे सरकलेले मी आधीही पाहिले होते. तेव्हा एवढं लागलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणाला माझ्या शेपूच्या भाजीचं ठाऊक नव्हतं.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा मी रजा टाकून नांदेडला गेले. अपील हातात द्यायचं आणि त्याला चार शब्द सुनवायचे, दोन्ही ठरवूनच निघाले होते.

काउंटरवर तो नव्हता. श्रद्धा नावाची चष्मेवाली मुलगी होती. तिने कागद लावून घेतले आणि म्हणाली, "एकच राहिलंय. तुम्ही आनंदराज सरांच्या नातेवाईक ना?"

"मी? नाही."

तिने कपाळाला हात लावला. "मग पंचाईत झाली. आमच्याकडं नियम आहे, काउंटरवरच्या माणसानं आपल्या नातेवाइकाची फाईल हाताळायची नाही, दुसऱ्याकडं द्यायची. सरांनी ह्या कारणानंच दिलीय. बघा." तिने कागद फिरवून दाखवला. कारण – नातेवाईक. नाते – आणि पुढे रिकामी जागा. "मी विचारलं, सर, नातं काय लिहू? तर म्हणाले, थांबा थोडं, अजून विचारलं न्हाई. काय विचारायचं होतं त्यांना देव जाणे."

माझे कान तापले. "कुठे आहेत ते?"

"चहाला."

दवाखान्यामागच्या टपरीच्या पत्र्यावर पाऊस टिपटिप वाजत होता. आनंदराज दोन्ही हातांत ग्लास धरून उभा होता. मला पाहिलं आणि चहा अर्धा सदऱ्यावर सांडला.

"मी तुमची नातेवाईक कधीपासून?" मी विचारलं.

"मॅडम, ते..."

"सहा दिवस फोन नाही. मला वाटलं, कागद वाचून तुम्ही घाबरलात."

"घाबरलो तर." त्याने ग्लास बाकावर ठेवला. "ते लेकरू एकटं डॉक्टरसमोर बसून खरं सांगून राहिलं होतं. तेरा वर्षांचं. मला वाटलं, मी चौतीसचा हाय अन् मला एक खरी गोष्ट सांगता येईना. मग म्हटलं, आधी फाईल सोडू."

"फाईल सोडायची काय गरज होती? विचारायचं होतं ना."

"कसं विचारणार? तुमचं सगळं माझ्या हातात होतं. तुमचा कागद मी पुढं ढकलणार, मीच अडवणार. अशात मी काही विचारलं असतं तर तुम्हाला न्हाई म्हणता आलं असतं का?"

सुनवायला आणलेले चार शब्द मी परत घेतले. नऊ वर्षांत वर्गात असं फार कमी वेळा झालंय.

"अन् दुसरं," तो म्हणाला, "उद्या मंजुरी आली तर कुणी म्हणायला नको, आनंदराजनं आपल्या माणसासाठी कागद फिरवले. ती तुमच्या हक्काची हाय. म्हणून फोन बी बंद केला. लई जड गेलं. जेवण जाईना."

"आणि नामंजूर झालं तर?"

"तर पुन्हा लिहू."

"पुन्हा नामंजूर झालं तर? मी कायम अशीच राहिले तर?"

पाऊस त्याच्या एका खांद्यावर पडत होता, पण तो हलला नाही. "ते ऑपरेशन तुम्हाला पाहिजे, म्हणून मला ते व्हावं वाटतं. माझ्यासाठी त्याची गरज न्हाई. मला तुम्ही काळे चौकोन घेऊन आलात त्या दिवशीच आवडल्या होत्या. मला तुमच्यावर... माझं तुमच्यावर प्रेम हाय, मॅडम."

मला रडू आलं आणि या वेळी मी ते नाकारलं नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, त्यावरही चहा होता.

"उत्तर आत्ता देणार नाही," मी रुमाल घेत म्हणाले. "मला नाही म्हणता यायला पाहिजे ना? मग निकाल लागेपर्यंत थांबा. आणि श्रद्धा मॅडमना सांगा, नात्यापुढे 'इच्छुक' लिहा."

"निवडणुकीत लिहितेत तसं?"

"तसंच."

त्याने खरंच तसं सांगितलं. श्रद्धाने हसत हसत ते कच्च्या कागदावर लिहिलं, फॉर्मवर 'निकटवर्ती' टाकलं आणि अपील गेलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या बॅचला विचारा. पोरांना एका आठवड्यात तीन टेस्ट द्याव्या लागल्या. आनंदराजने एकदाही फोन केला नाही, मीही नाही. चौदाव्या दिवशी सकाळी, दोनशे पोरांसमोर मी हृदयाची आकृती काढत असताना टेबलावरचा मोबाइल थरथरला. मी खडू ठेवला. 'आपले अपील मान्य. शस्त्रक्रियेस मंजुरी.' खडूचे पांढरे ठसे स्क्रीनवर उमटले, पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

पहिला फोन आईला केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा कागद परत आनलास का?" आणि फोन ठेवायच्या आधी, "दवाखान्यात मी येऊन राहीन. मला पत्ता दे."

दुसरा फोन नांदेडला.

"श्रद्धा मॅडमनी सांगितलं," तो म्हणाला. "अभिनंदन, मॅडम."

"फाईल संपली?"

"संपली. आता आमच्या दवाखान्यात तुमचं काही अडणार न्हाई. कुणाच्याच हातात न्हाई."

"म्हणजे आता मला नाही म्हणता येतं."

मग हळूच, "हाव. येतं."

"मग विचारा."

"फोनवर?"

"माझी बॅच सहाला सुटते."

सहाला मी गेटबाहेर आले तेव्हा पोरांच्या गर्दीत, सायकलींच्या मधोमध, नांदेडच्या एसटीतून उतरलेला तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट तीन तासांच्या प्रवासात पार चुरगळला होता. मला पाहून तो पुढे आला, घसा साफ केला आणि सगळा रस्ता पाठ करत आणलेलं वाक्य विसरला.

"सौदामिनी," एवढंच म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडमशिवाय.

आजूबाजूला माझे निम्मे विद्यार्थी. पुढच्या तासाला काय होणार ते मला दिसत होतं.

"मी नाही म्हणू शकते," मी म्हणाले, "आणि म्हणत नाही."

मी त्याचा हात धरला. एका पोराने शिट्टी वाजवली. मी वळून त्याचं नाव घेतलं आणि उद्या त्याची तोंडी परीक्षा असल्याचं सांगितलं, पण आनंदराजचा हात सोडला नाही.